पहिली जीप कधी निघते?

बाभळींना कापूस लागला की माझं डोकं फिरतं. जालन्याहून भोकरदनमार्गे जाफराबादला निघा. दिवाळी उलटून गेलेली, उन्हात अजून थोडी धग आणि सावलीत पाय टाकला की गारवा. रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या बाभळी पांढऱ्या झालेल्या असतात. जिनिंगकडं जाणाऱ्या कापसाच्या गाड्या इतक्या फुगवून भरलेल्या असतात की झाडांना घासतच जातात, आणि एकेक काटा आपला वाटा काढून घेतो. परक्या माणसाला वाटतं, वा, काय देखावा! देखावा आहेच, मी कुठं नाही म्हणते? पण मला ते पांढरे पुंजके दिसले की आधी शाळेतले रिकामे बाक आठवतात. याच दिवसांत आमच्याकडच्या पोरी वेचणीला गेलेल्या असतात. मग एक सतरंजी आठवते, पोह्यांच्या बशा आठवतात, शीतल आठवते, आणि त्या दिवशी मी घरात कुणाशी धड बोलत नाही. नवरा म्हणतो, "झाला हिचा सीझन सुरू."

यंदाही झाला. परवा वाटूरकडच्या एका शाळेतून मुख्याध्यापकांचा फोन आला. "मॅडम, तुमचं नाव लई ऐकलंय. आमच्या पोरांसाठी एक दिवस द्या. गोष्ट कशी लिहायची ते सांगा. पण..." हा 'पण' माझ्या ओळखीचा आहे. त्याच्या आधीचं सोडून द्यायचं आणि नंतरचं तेवढं ऐकायचं. "पण जरा हलकंफुलकं ठेवा. पर्यावरण घ्या, मोबाईलचे दुष्परिणाम घ्या. ते लग्नाबिग्नाचं, पोरीबिरींचं नको. गावातले लोक बसलेले असतात." मी विचारलं, "सर, तुमच्या शाळेत पोरी आहेत का?" म्हणाले, "आहेत ना, निम्म्याच्या वर पोरीच आहेत." "मग त्यांचं नको तर गोष्ट काय फळ्याला सांगू?" ते हसले, आणि "कळवतो" म्हणाले. आमच्याकडं 'कळवतो'चा अर्थ शाळेत न गेलेल्यालाही कळतो. मला वाईट वाटलं. तिथली पोरं भेटली असती. पण बोललेला शब्द काही मी मागं घेतला नाही, आणि घेणारही नाही.

मी कुमारवयीन मुलामुलींसाठी कादंबऱ्या लिहिते. म्हणजे ज्यांना आईबाप 'अजून लहान आहेस' आणि 'आता लहान राहिली नाहीस' हे एकाच दिवशी, कधीकधी एकाच वाक्यात ऐकवतात, त्यांच्यासाठी. लोक मला विचारतात, मोठ्यांसाठी कधी लिहिणार? जणू मी अजून कच्च्या लायसन्सवर गाडी चालवते आहे. मुलांसाठी लिहायचं म्हणजे सोपंच, असंही एका सत्कारात मला सांगून झालंय, आणि ते सांगणाऱ्याच्याच हातून मी शाल आणि नारळ घेतलाय. आमच्या घरी डिसेंबर-जानेवारीत नारळ इतके साठतात की पुढं महिनाभर चटणीवर चटणी होते. शाली मी मोलकरणीला, तिच्या सासूला, तिच्या जावेला दिल्या. आता तीही म्हणते, "ताई, शाल नका देऊ, रग असला तर बघा." पण शाळेत जायचं मी सोडत नाही. मोठ्यांच्या सभेत माझ्या पुस्तकाबद्दल लोक बरं बरं बोलतात. मुलं खरं बोलतात.

शीतल बोलली तशी. जाफराबादच्या पुढं, फाट्यावरून आत, एका गावातली दहावीतली पोरगी. त्या वर्षी माझी कादंबरी नुकतीच आली होती. पंधरा वर्षांची एक मुलगी घरच्यांशी भांडून जालन्याला शिकायला येते, एवढीच गोष्ट. शाळेने मोठ्या हौसेने बोलावलं होतं. मुलांना प्रश्न पाठ करून दिले होते. 'आपणांस लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?' हे एका मुलाने इतक्या घाईत विचारलं की मला फक्त 'कोठून' ऐकू आलं. मग मागच्या बाकावरून ही उठली. हिला कुणी प्रश्न दिलेला नव्हता.

"मॅडम, ही पोरगी खरी हाय का तुम्ही रचली?"

"रचली."

"मंग तिला एवढी भेकड कामून केली? खोट्या माणसाला कोण मारून राह्यलं?"

वर्ग फिदीफिदी हसला. हेडसरांनी डोळे वटारले. ती बसली नाही. "पान उलटलं की रडती. घरून निघताना रडती, बसमधी बसली तरी रडती. मी असते तं आधी खिडकीची जागा धरली असती."

मला राग आला आणि लगेच हसू आलं. त्या कादंबरीवर पुढं बरंच लिहून आलं. कुणी तिला संयत म्हटलं, कुणी संवेदनशील. भेकड कुणीच म्हटलं नाही, आणि ती भेकड होती. मी तिथल्या तिथं हेडसरांना सांगून टाकलं, की मी भाषणापुरती येणार नाही. सबंध हंगामभर आठवड्यातून एकदा येते, पोरांना गोष्ट लिहायला बसवते. मानधन नको, नारळ तर बिलकुल नको. हेडसर गडबडले, पण फुकटचं कुणाला जड होतं?

मग तो हंगाम असा गेला. सकाळी जालन्याच्या स्टॅंडवरून एसटी, पुढं काळी-पिवळी जीप. जीप भरल्याशिवाय सुटत नसे आणि भरली तरी आणखी चौघं कोंबल्याशिवाय ड्रायव्हरच्या जिवाला चैन नसे. माझ्या मांडीवर कुणाचं तरी लेकरू, पायाशी कुणाची तरी मेथीची जुडी. बाहेर तुरी पिवळ्या फुलांनी लगडलेल्या, हरभरा जमिनीलगत हिरवा, आणि मधेमधे कपाशीची शेतं. त्यांत वाकलेल्या बाया आणि पोरी. वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधलेली, ती फुगत फुगत जाते. लांबून बघितलं तर सगळ्याच गरोदर वाटतात, नवव्या इयत्तेतलीही. हे मला त्या जीपमध्ये दिसलं आणि मग दिसायचं थांबेना.

वर्ग मी दुपारी ठेवला, म्हणजे वेचणी उरकून पोरी येतील. त्या यायच्या, अंगाला पऱ्हाटीचा, कपाशीच्या झाडाचा वास घेऊन, केसांत कापसाचे तंतू. बोंड फुटून वाळलं की त्याची टोकं सुईसारखी होतात, ती नखांच्या कडेला घुसतात. त्यामुळं पोरी पेन अंगठ्याच्या बाजूने, जरा आडवं धरायच्या. हेडसर ओरडायचे, "पेन नीट धरा!" मी म्हणायची, "सर, तुम्ही एक दिवस कापूस वेचा, मग पेन धरून दाखवा." सर ऑफिसात निघून जायचे. माझं आणि त्यांचं अशा रीतीनं बरं चाललं होतं.

पहिल्या दिवशी मी पोरांना सांगितलं, काहीही लिहा, मनात येईल ते. मुलांनी क्रिकेट लिहिलं. पोरींनी काय लिहावं? एकजात सगळ्यांनी आपलं पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा. सुंदर, गोल, रेघेवर बसवलेल्या अक्षरात. आणि पेन ठेवून हात मांडीवर. मला वाटलं, माझंच सांगणं चुकलं. विचारलं, हे काय गं? तर पुढच्या बाकावरची एक शहाणी म्हणाली, "पाहुणे आल्यावर एवढंच लिहायला लावत्यात. आमचा सराव हाय."

आमच्या भागाबाहेरच्यांना सांगते. मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा तिला चालायला लावतात, स्वयंपाकाचं विचारतात, आणि शेवटी कागद-पेन पुढं करून म्हणतात, "नाव लिहून दाखव." म्हणजे मुलगी खरंच शिकलेली आहे की नुसतं सांगताहेत, ते कळावं. मलाही लिहायला लावलं होतं. मी नाव लिहिलं, खाली सरळ रेघ ओढली आणि कागद सासऱ्यांच्या हातात दिला. रेघ त्यांना फार आवडली. ते अजून कौतुकानं सांगतात आणि मी अजून मनातून जळते. बी.ए. झालेली मुलगी होते मी! त्या दुपारी बाकांवर ती सगळी नावं बघितली आणि मी खडू उचलला. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'नावाच्या पुढं लिहा.' दुसरं काही सुचलंच नाही.

त्यांनी लिहिलं हळूहळू. आधी प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तात्पर्य यायचं, कारण तात्पर्य नसलेल्या गोष्टीला मार्क मिळत नाहीत असा त्यांचा पक्का समज. लांडगा मेला, तात्पर्य. आजी मेली, तात्पर्य. शीतलनं मात्र कधी तात्पर्य लिहिलं नाही. तिच्या गोष्टी अर्ध्यातच थांबायच्या. मी म्हणायची, पुरी कर. ती म्हणायची, "पुढचं अजून घडलं न्हाई, मॅडम."

हंगाम संपत आला तसं हेडसरांनी सर्टिफिकेटचं काढलं. मी म्हटलं, गोष्ट लिहिल्याचं कसलं सर्टिफिकेट? ते म्हणाले, "मॅडम, सर्टिफिकेट न्हाई तर फोटो कशाचा काढायचा?" शेवटी मी जाफराबादला छापून आणली. सोनेरी किनार, वर सरस्वती, खाली माझी सही. 'कथालेखन कार्यशाळा यशस्वीरीत्या पूर्ण.' वाटप झालं, फोटो निघाले आणि मी विसरून गेले.

त्यानंतर शीतलची माय शाळेच्या फाटकाशी भेटली. हातात पिशवी, पिशवीत ते सर्टिफिकेट, लॅमिनेशन करून आणलेलं. "मॅडम, रविवारी घरी या. पाहुणे येऊन राह्यले."

"कुणाचे पाहुणे?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

"शीतलला बघायला. पोराच्या बापाचं खताचं दुकान हाय. तुम्ही आमच्या बाजूनं बसा. एवढ्या पुस्तकं लिहिणाऱ्या बाई बसल्या म्हंजी वजन पडतं. हे बी दाखवायचं हाय." हे म्हणजे सर्टिफिकेट.

"अहो, दहावीत आहे ती! अठरा कुठं झाली?"

"बघायला येऊन राह्यले मॅडम, न्यायला न्हाई." तिनं इतक्या समजुतीनं सांगितलं, जणू मीच अडाणी. "बघणं आत्ता, परीक्षा झाली की उन्हाळ्यात उरकून टाकू. चांगलं ठिकाण काय रोज येतं का?"

मी हेडसरांकडं गेले. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही गोष्टी शिकवायला येता ना? घरच्या भानगडीत कशाला पडता?" मी म्हटलं, घरच्या भानगडीच नसत्या तर गोष्टी कशाच्या लिहिल्या असत्या? पण सर गॅदरिंगच्या मंडपवाल्याशी फोनवर बोलायला लागले होते. परतीच्या जीपमध्ये मला भयंकर संताप आला. माझी सही केलेला कागद मुलीच्या बाजारात भाव चढवायला जाणार! ठरवलं, जायचं. वजन पाडायला नाही, चांगलं खडसवायला. कायदा सांगायचा, वय सांगायचं, पोलीससुद्धा काढायचे. रविवारपर्यंत मी ते भाषण इतक्या वेळा घोकलं की नवरा म्हणाला, मलाच आता अपराधी वाटायला लागलंय.

रविवारी त्यांच्या ओसरीवर सतरंजी होती. एका कोपऱ्यात छतापर्यंत कापूस रचलेला, त्यावर जुनं लुगडं टाकलेलं. पाहुणे चार. दुकानवाले वडील, काका, मुलाची आत्या आणि तो मुलगा. मुलगा मोबाईलमध्ये मान घालून बसला होता, मिसरूड नुकतंच फुटलेलं. मला प्लॅस्टिकची खुर्ची दिली. सर्टिफिकेट हातोहात फिरलं. वडिलांनी सरस्वतीच्या चित्राला हात लावून नमस्कार केला. आत्याबाईंनी विचारलं, "ह्याच का त्या मॅडम?" आणि माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलं. मी घसा खाकरला. तेवढ्यात पोहे आले, शीतल आली, आणि माझं भाषण घशातच राहिलं.

साडी तिला मोठी होत होती. आत्याबाईंनी भाकरी येते का, पुरण येतं का, रोज किती कापूस वेचते, सगळं विचारून घेतलं. तिनं नीट उत्तरं दिली. मग काकांनी खिशातलं पेन काढलं. "हं बाई, नाव लिहून दाखव."

शीतल सतरंजीवर मांडी घालून बसली. कागद गुडघ्यावरच्या पाटावर. पेन आडवं धरलं आणि लिहायला लागली. नाव झालं असेल. पेन चालूच. गाव झालं असेल, तालुका, जिल्हा. पेन चालूच. काकांनी माझ्याकडं बघितलं, मी मायकडं, माय जमिनीकडं. चहाला साय धरली. आत्याबाई म्हणाल्या, "माय बाई, नाव लई लांब हाय का पोरीचं?" शीतलनं कागद उलटवला आणि पाठीमागंही लिहिलं, कडेपर्यंत. मग उठून कागद काकांना दिला.

काकांनी बघितला, वडिलांना दिला. वडिलांनी लांब धरून बघितला. "अक्षर मोत्यासारखं हाय! दुकानाची बिलं लिहील बराबर." आत्याबाईंनी कागद उलटा धरला, सुलटा केला, म्हणाल्या, "झकास." तो पुन्हा काकांकडं आला. त्यांनी घडी घालून खिशात ठेवायला घेतला. पसंती झाली होती. एवढ्या मोठ्या पानात एकाही माणसाने एकही ओळ वाचली नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी खुर्चीतून उठलेसुद्धा.

पण ती माझ्या आधी बोलली. "काका, वाचलं का?"

"हां हां. लई छान हाय."

"मंग काय लिहिलंय त्याच्यात?"

काकांची घडी हातातच राहिली. शीतलच्या वडिलांनी, आबांनी, "शीतल!" म्हणून दम भरला. तिनं काकांच्या हातातून कागद घेतला. हिसकावला नाही, घेतला. आणि उभ्याउभ्या वाचायला लागली. आवाज कापत होता, पण शब्द गिळत नव्हती.

"एका गावात एक पोरगी व्हती. तिला बघायला पाहुणे आले. त्यायनं तिला नाव विचारलं, भाकरी विचारली, कापूस विचारला. मंग ती म्हन्ली, आता मी विचारते. तुमच्या गावावरून कॉलेजला जायला पहिली जीप कधी निघते? पाहुणे म्हन्ले, आमच्याकडं मोटरसायकल हाय. ती म्हन्ली, मोटरसायकल तुमची हाय, जीप कोणाची बी असती. मी अकरावीला जाणार हाय. जीप कधी निघते ते सांगा. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले..."

आणि ओसरीवर बसलेले पाहुणे खरोखरच एकमेकांकडं बघत होते. तेवढ्यात त्या मुलानं मोबाईलमधून पहिल्यांदा मान वर केली आणि सरळ मनानं सांगून टाकलं, "सकाळी सातला हाय एक. पण ती मागूनच भरून येती."

"गप ए!" आत्याबाई कडाडल्या. त्याच्या बापाने त्याच्याकडं असं बघितलं की पोरगं पुन्हा मोबाईलमध्ये गेलं. मला त्या पोराची दया आली. त्यालाही अजून शाळेत असायला हवं होतं, आणि त्या ओसरीवर प्रश्नाचं उत्तर फक्त त्यानंच दिलं होतं.

पोराचे वडील उठले. सदऱ्यावरचे पोहे झटकले. आबांना म्हणाले, "पोरीला लई शिकवलं तुम्ही." आणि फाटकाशी, चप्पल घालताना, "कळवतो."

ते गेल्यावरही शीतल आत गेली नाही. तिथंच उभी, कागद छातीशी. माय बशा गोळा करत होती आणि डोळे पुसत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मॅडम, मी तुम्हाला मान देऊन बोलावलं व्हतं." मी एक अक्षर बोलले नव्हते त्या ओसरीवर, पण तिच्या दृष्टीनं सगळं मीच बोलले होते. ती चूक होती असंही मला म्हणता येत नाही.

फाट्यापर्यंत सोडायला आबा आले. मोटरसायकलवर मी मागं. दोन्हीकडं वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या. फाट्यावर त्यांनी गाडी बंद केली, पण खाली उतरले नाहीत. समोर बघतच बोलले.

"उन्हाळ्यात लग्न व्हतं तिचं. आता व्हत न्हाई. आत्तापर्यंत गावभर झालं असंल. दोन-तीन साल तरी कोणी दारात येत न्हाई."

"मग शिकवा तिला, आबा."

"शिकवतो. दुसरं काय करू?" त्यांचा आवाज चढला. "अकरावी शिकवतो, बारावी शिकवतो, पुढं ती म्हणंल ते. पण एक ऐकून घ्या. तुम्ही आमच्या गावात पुन्हा पाय ठेवायचा न्हाई."

मी तोंड उघडलं होतं. मला म्हणायचं होतं, गाव तुमच्या एकट्याचं आहे का, शाळा सरकारची आहे, मी येणार. जिभेवर आलं होतं. मग कळलं, हा माणूस माझ्याशी भांडत नाही, सौदा करतोय. गावाला दाखवायला त्याला कुणावर तरी राग काढायला हवा होता. तो पोरीवर निघू नये एवढंच बघायचं होतं.

"तिला शिकवणार असाल तर नाही येणार," मी म्हटलं.

"बोललो ना!" म्हणून त्यांनी किक मारली.

मी शब्द पाळला. तसा तो पाळायला फार कष्ट पडले नाहीत, कारण दुसऱ्याच आठवड्यात हेडसरांनी कळवलं की पुढच्या वर्षापासून कार्यशाळेची गरज नाही, शाळेचं नाव खराब होतंय. आसपासच्या शाळांनीही तारखा फिरवल्या. 'ती बाई पोरी बिघडवते' हे जाफराबादच्या स्टॅंडवर एका जीप-ड्रायव्हरनं मलाच ऐकवलं, मी कोण ते माहीत नसताना. मी त्याला म्हटलं, "मग काय, चांगलं बिघडवते का?" तो म्हणाला, "लई." मी त्याच्याच जीपमध्ये बसून गेले. एका केंद्रप्रमुखांनी मला प्रेमानं सुचवलं, की कादंबरीच्या पुढच्या आवृत्तीत त्या मुलीला शेवटी घरी परत आणा, आईवडिलांची माफी मागू द्या, मग शाळाशाळांत घेता येईल. पुढची आवृत्ती निघाली तेव्हा मी शेवटाला हात लावला नाही. आधीची रडारड मात्र कापून टाकली, आणि तिला बसमध्ये खिडकीची जागा दिली. ज्या शाळा बोलावतात तिथं जाते. ज्या अट घालतात त्यांना अटीबद्दलच प्रश्न विचारते. त्यामुळं निमंत्रणं कमी येतात, तर येऊ देत कमी.

आणि ज्यांना वाटतं, गोष्टीनं काय होतं, त्यांना मी तरी पटवत बसत नाही. त्या ओसरीवर गोष्टीनं काही झालंच नव्हतं. कागद चार हातांतून फिरला आणि कुणाला काही झालं नाही. मग एक पोरगी उभी राहिली, तिनं तोंड उघडलं, तेव्हा झालं. मी पोरांना लिहायला शिकवत होते. उभं राहायचं धाडस तिचं स्वतःचं होतं, आणि त्याचं श्रेय घ्यायला मी कधी जाणार नाही.

शीतल आता जालन्यात बी.एस्सी. करते, वसतिगृहात राहते. लग्न झालेलं नाही. विचारणारे पुन्हा यायला लागलेत, तिचं ती बघून घेते. गोष्टी लिहीत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मॅडम, मला लेखिका-बिखिका न्हाई व्हायचं, मला लॅबमधी नोकरी पायजे." मला जरा लागलं, पण मी ते दाखवलं नाही. अधूनमधून घरी येते, डबा उघडून बघते, माझ्या नव्या पुस्तकातल्या चुका काढते.

गेल्या शनिवारी ती वेचणीला हात लावायला म्हणून गावी गेली होती. रविवारी सकाळी दारावर थाप पडली. उघडलं तर शीतल, आणि तिच्यामागं जिन्यापर्यंत पोरी. नववी-दहावीच्या असाव्यात. तेल लावून चप्प बसवलेल्या वेण्या, ठेवणीतले ड्रेस, आणि बोटांच्या कडा बोंडांनी फाटलेल्या. माझ्याकडं टकमक बघत होत्या.

"ह्या आमच्या गावच्या," शीतल म्हणाली. "ह्यायला लिहायचंय."

"अगं, पण आबा? मी शब्द दिलाय त्यांना!"

"आबायला सांगूनच आलो. त्ये म्हन्ले, मॅडमनं गावात यायचं न्हाई असं ठरलं व्हतं. मी म्हन्लं, बराबर हाय आबा. मॅडम कुठं येऊन राह्यल्या? आम्ही जाऊन राह्यलो."

"मग? काय म्हणाले?"

"काय म्हणतेत?" ती चपला काढत म्हणाली. "मंग मोटरसायकल काढली. एका फेरीत मावत न्हवतो आम्ही, तं दुसरी मारली. आबानंच सोडलं आम्हाला फाट्यावर."